आमच्या घरी व्हिडिओ गेम नाही

भंडारा जिल्ह्यातल्या सुजाण कुटुंबांनी गेल्या काही वर्षांत एक मोहीम अनुदानाशिवाय, समिती न नेमता आणि चौकात फलक न लावता यशस्वी करून दाखवली आहे. घरात मुलांसाठी व्हिडिओ गेमचे यंत्र आणायचे नाही, ही ती मोहीम. तुमसरच्या तांदूळ व्यापाऱ्यापासून लाखांदूरच्या धान उत्पादकापर्यंत आणि जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतल्या कामगारापासून साकोलीच्या गुरुजींपर्यंत या बाबतीत सगळ्यांचे एकमत आहे. एवढे एकमत या जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या विषयावर झाल्याचे आठवत नाही. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर तर नाहीच नाही. पाहुण्यांनी सहज विचारले, की घरधनी सांगतात, "आमच्याकडं तसलं काही नाही जी. पोराले मोबाइल तेवढा देला आहे." हे वाक्य ज्या शांत समाधानाने उच्चारले जाते, त्याची नोंद नागरिक म्हणून आपण घेतलीच पाहिजे.

या निर्णयामागचा हिशेब पक्का आहे. सोनीचे प्लेस्टेशन 5 भारतात 2 फेब्रुवारी 2021 रोजी आले, तेव्हा त्याची किंमत 49,990 रुपये होती; पुढे ती 54,990 झाली. 2025-26 च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये होता. म्हणजे एका यंत्रासाठी 23 क्विंटल धान मोजायचे आणि वर सुटे पैसे द्यायचे. सरकारने 2023 च्या हिवाळी अधिवेशनात हेक्टरी 20 हजारांचा बोनस जाहीर केला, त्याला दोन हेक्टरांची मर्यादा होती. तो पूर्ण मिळाला तरी 40 हजारच होतात. रोवणीपासून मळणीपर्यंत चिखलात आणि उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाने ही रक्कम पोरांच्या खेळण्यावर उधळावी, असे कोण म्हणेल?

म्हणून त्याच घरात, त्याच काळात, प्रत्येकी 14 हजारांचे चार मोबाइल आले. चौदा चोक छप्पन. खेळण्याच्या यंत्रापेक्षा हा खर्च अवघा 1,010 रुपयांनी जास्त आहे आणि त्या बदल्यात एका पडद्याऐवजी चार पडदे मिळाले. रिचार्ज साडेतीनशे रुपयांच्या आसपास पडतो. कंपन्यांचा महिना 28 दिवसांचा असल्यामुळे वर्षाचे तेरा महिने होतात. तेव्हा चार फोनांचे वर्षाला 18 हजारांच्या वर जातात. हा पैसा व्हिडिओ गेमवर खर्च झालेला नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. तो मोबाइलवर खर्च झालेला आहे. मोबाइल ही गरज आहे. त्यावर धान खरेदीची नोंदणी होते, सातबारा निघतो, बँकेचा संदेश येतो. ही कामे वर्षातून जितके दिवस चालतात तितके दिवस वगळले, तर उरलेल्या दिवसांत तो कशासाठी वापरला जातो हा खाजगी प्रश्न आहे, आणि कुटुंबाच्या खाजगी बाबीत डोकावणे बरे नव्हे. निदान कुटुंबीय तरी एकमेकांच्या बाबतीत डोकावत नाहीत.

या निवडीचे मोल कळायचे, तर तीसेक वर्षे मागे जावे लागेल. निन्टेंडोने 1983 साली जपानमध्ये फॅमिकॉम नावाचे यंत्र विकायला काढले आणि 1990 च्या दशकात त्याच्या स्वस्त नकला आपल्याकडे पोहोचल्या. नागपूरला सीताबर्डीवर गेलेला काका पिशवीतून तो 'टीव्ही गेम' घेऊन यायचा. त्याच्या कॅसेटवर 9999 खेळ असल्याचा दावा छापलेला असे आणि त्यातले वेगळे म्हणावेत असे खेळ डझनभर निघत. मारिओ होता, बंदुकीने बदके टिपायचा खेळ होता आणि कॉन्ट्रा होता. हे यंत्र कुटुंबाच्या दृष्टीने अत्यंत सदोष होते. ते घरातल्या एकुलत्या एका टीव्हीला जोडावे लागे, त्यामुळे मुले काय खेळतात हे स्वयंपाकघरातून दिसायचे. त्याला दोन रिमोट होते. म्हणजे खेळायला भाऊ, बहीण किंवा शेजारचे पोर लागायचे आणि त्याच्याशी बोलावे लागायचे. कॉन्ट्रात दोघे शेजारी शेजारी पळत. एक फार पुढे गेला तर दुसऱ्याची पंचाईत होई, म्हणून धाकट्यासाठी थांबावे लागे. तिसरा मागे बसून सल्ले देई. तीन जीव गेले की रिमोट पुढच्याच्या हाती द्यायचा, हा कायदा कुठल्याही सभागृहाने केला नव्हता आणि तरी तो पाळला जाई.

सगळ्यात मोठा दोष हा, की तो खेळ संपायचा. कॉन्ट्राचा शेवटचा राक्षस मेला, की पडद्यावर नावे येत आणि पोरे उठून बाहेर पळत. आधीच भारनियमन झाले तर त्याहून लवकर पळत. रविवारी चारला मराठी चित्रपट लागला, की आजीच्या एका शब्दाने यंत्राची वायर निघे. ज्या साधनावर आजीची सत्ता चालते, ते आधुनिक म्हणता येणार नाही.

मोबाइलने यातली प्रत्येक उणीव भरून काढली. तो कुणाच्या टीव्हीवर हक्क सांगत नाही. त्याला दुसरा माणूस लागत नाही. तो पांघरुणात चालतो. त्यातला खेळ संपत नाही, कारण तो संपू नये अशाच बेताने रचलेला असतो: रोज आलात तर बक्षीस, न आलात तर नुकसान, दर काही आठवड्यांनी नवा हंगाम. आपल्या शेतात वर्षाला दोन हंगाम निघाले तर भाग्य समजतो. मुलाच्या हातात मात्र हंगाम खंडत नाही.

इतर ठिकाणी अशा यंत्राची निवड करताना कुटुंबे फार वेळ दवडतात. ते कुठल्या खोलीत ठेवायचे, एका वेळी किती जण खेळतील, कोणता खेळ कोणत्या वयाला योग्य, अशा चर्चा होतात. अमेरिकेत खेळांवर वयाचा शिक्का मारण्याची पद्धत 1994 पासून आहे, युरोपात 2003 पासून. यंत्रात पालकांसाठी कुलूप असते. शाळेच्या दिवशी एक तास असे ठरवले, की तासाने ते आपोआप मिटते. एवढ्या कटकटीतून आपल्या पालकांनी स्वतःला कसे सोडवले हे बघण्यासारखे आहे. आपण निवडच केली नाही. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, ऑनलाइन वर्ग सुरू झाले आणि 'अभ्यासासाठी' म्हणून फोन मुलाच्या हाती गेला. शाळा पुन्हा भरल्या, गुरुजी वर्गात आले, खडू-फळा आला. फोन परत मागायचे तेवढे राहून गेले. मोबाइलमध्येही पालकांचे कुलूप असते, असे जाणकार सांगतात. परंतु ते बसवायला घरात ज्याला फोनमधले कळते अशा माणसाला बोलवावे लागते, आणि तो माणूस सहावीत शिकतो.

वयाचा प्रश्नही असाच मार्गी लागला. खाते वडिलांच्या नावाने असल्यामुळे कंपनीच्या दप्तरी आपल्या जिल्ह्यातला चौथीचा विद्यार्थी 42 वर्षांचा गृहस्थ आहे. त्याला 42 वर्षांच्या माणसाला दाखवण्यासारख्या जाहिराती दिसतात. मुले लवकर मोठी होतात अशी जी तक्रार आपण करतो, तिला निदान कागदोपत्री आधार आहे.

नागरिकशास्त्रातही या पिढीने प्रगती केली आहे. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने 118 अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पब्जी होता. जुलै 2021 मध्ये तोच खेळ भारतीय नाव लावून परत आला, जुलै 2022 मध्ये अ‍ॅपच्या दुकानांतून उतरवला गेला आणि मे 2023 मध्ये पुन्हा सुरू झाला. या तारखा पवनी किंवा मोहाडीच्या कुठल्याही आठवीतल्या मुलाला पाठ आहेत. सरकारी आदेशांचा असा नियमित परिचय पाठ्यपुस्तकाने कधी करून दिला नव्हता.

पैशाच्या बाबतीत तर मोबाइलचे खेळ फुकट आहेत, आणि फुकट या गुणापुढे आपण सगळे नम्र होतो. प्लेस्टेशनच्या मोठ्या खेळाची एक डिस्क 4,999 रुपयांना मिळते. एकदा पैसे दिले की दिले. पुढे ती डिस्क मित्राला वापरायला द्या, नको झाली तर विका. यात थरार नाही. फुकटच्या खेळात तो आहे. आज बंदुकीचा रंग, उद्या नायकाचा अंगरखा, परवा नाणी. 80-90 रुपयांचे लहान लहान व्यवहार होत राहतात आणि कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. बाबांचा यूपीआय पिन मुलाला ठाऊक असतो, कारण तो त्यानेच बसवून दिलेला असतो. महिन्याअखेरीस खात्यातून रक्कम कशी गेली याचा शोध घेण्यासाठी बाबा मुलालाच बोलावतात आणि मुलगा मनापासून मदत करतो. बापलेकाने एकत्र बसून काही करावे, असा प्रसंग हल्ली विरळा. त्याचे स्वागत व्हावे.

केवळ मुलांनाच श्रेय देणे अन्यायाचे होईल. थोरांनी उदाहरण घालून दिले नसते, तर हे घडले नसते. दिवाळीत चार मित्र जमवून पत्ते कुटायची जुनी रीत होती. त्यात हरलेला माणूस रात्री उठून जाताना सगळ्यांना दिसायचा आणि सकाळी त्याच्या घरी कळायचे. ऑनलाइन रमीने ही नामुष्की संपवली. बाजेवर पडल्या पडल्या, शेजारी बायको झोपलेली असताना, कुणालाही कळू न देता हरता येऊ लागले. मोठमोठ्या क्रिकेटपटूंनी पैशांच्या खेळांच्या जाहिराती केल्या, आणि शेवटी जबाबदारीने खेळा असे भरभर सांगितलेही. पुढे संसदेने 20 आणि 21 ऑगस्ट 2025 या दोन दिवसांत विधेयक मंजूर केले, 22 तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्याची शिक्षा त्याच्या घरच्यांनी आधीच भोगून झाली आहे, हे कायदे करणाऱ्यांच्या लक्षात आले असावे.

त्याच वर्षीच्या जुलैत राज्याच्या कृषिमंत्र्यांची विधिमंडळाच्या सभागृहातली एक चित्रफीत प्रसिद्ध झाली. त्यांच्या हातातल्या मोबाइलवर पत्त्यांचा खेळ दिसत होता. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेला खेळ बंद करत होतो, असा खुलासा त्यांनी केला आणि तो अविश्वसनीय मानण्याचे कारण नाही. आमच्या घरातली मुलेही नेमका तोच खुलासा करतात. महिनाअखेरीस त्यांच्याकडचे कृषी खाते काढून क्रीडा व युवक कल्याण खाते देण्यात आले. धान पिकवणाऱ्या जिल्ह्याने याचे वाईट वाटून घेऊ नये. शेतीचे जे व्हायचे ते होईल, क्रीडेला मात्र राज्यात चांगले दिवस आले हे मान्य केले पाहिजे.

मैदानी आणि घरगुती खेळांचे काय, असा प्रश्न काही जुनी माणसे काढतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा भरतो. चाकांचा लाकडी बैल सजवून पोरे घरोघरी जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेऊन येतात. एक बैल तीन-तीन पिढ्या चालतो. त्याला चार्जिंग लागत नाही, फार तर शिंगाला नवा रंग लागतो. तान्हा पोळा अजूनही भरतो. फरक एवढाच, की आता बैल ओढणारा एक असतो आणि त्याचे चित्रण करणारे सहा. 2009 साली हैदराबादच्या एका कंपनीने प्लेस्टेशन 2 साठी 'देसी अड्डा' नावाचा खेळ काढला होता, त्यात कबड्डी आणि गिल्ली-दांडूही होते. तो आपण घेतला नाही. गिल्ली-दांडूसाठी पैसे कोण देणार, असे म्हटले, आणि बाहेरचा गिल्ली-दांडू फुकट असूनही मुलांना बाहेर सोडले नाही. या दोन्ही भूमिकांत आम्हाला कसलीही विसंगती दिसत नाही.

सरकारही आपल्या परीने प्रयत्न करते. व्हिडिओ गेमच्या यंत्रावरचा जीएसटी 1 जानेवारी 2019 पासून 28 टक्क्यांवरून 18 वर आला. कॅरम, बुद्धिबळ, लुडो यांच्यावरचा तर 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्के झाला. पण कॅरमला एका वेळी निदान दोन माणसे लागतात, ही अट काही जीएसटी परिषदेने शिथिल केली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने मध्ये विनाकारण भीती पसरवली. एप्रिल 2019 मध्ये तिने सांगितले, की एक वर्षाखालच्या बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात तासापेक्षा जास्त नको. जिनिव्हात बसून असे सांगणे सोपे आहे. आपल्याकडे दोन वर्षांच्या लेकराला वरण-भात भरवतानाच तो तास संपतो. मोबाइल समोर धरला, की लेकरू तोंड उघडते. काय खाल्ले हे त्याला कळत नाही आणि त्यामुळे भाजी आवडली नाही अशी तक्रारही होत नाही. त्याच संघटनेने खेळाच्या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली आणि ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. आपल्या मुलांना हा विकार जडण्याची भीती नाही, कारण तो व्हिडिओ गेमचा विकार आहे आणि आपल्या घरी व्हिडिओ गेम नाही.

मुलींच्या बाबतीत आपण विशेष दक्ष आहोत, तेही सांगितले पाहिजे. मुलीचा फोन रात्री नऊला ताब्यात घेतला जातो, त्यातले संदेश वाचले जातात आणि कोणाचा फोन आला होता याची चौकशी होते. मुलाचा फोन तपासत नाहीत. तो बिचारा पहाटे दोनपर्यंत गेमच खेळत असतो, वाईट काही करत नाही.

जिल्ह्यातल्या मोजक्या घरांनी मात्र समाजाचा कल ओळखला नाही. त्यांनी खरोखरच एक यंत्र आणले, कुणी नवे, कुणी जुन्या बाजारातले, आणि बैठकीच्या खोलीत टीव्हीखाली ठेवले. परिणाम व्हायचे ते झाले. तिथे रविवारी दुपारी वडील मुलीशी फुटबॉल खेळतात आणि हरतात. आई कोण कुठे चुकले ते सांगते. तासाभराने यंत्र बंद होते आणि भांडण सुरू होते: कोणी रडीचा डाव खेळला, पुढच्या वेळी पहिला रिमोट कोणाचा. सगळ्या घराला सगळ्या घराचे ऐकू येते. असा गोंगाट वाढला तर मुले वडिलांना हरवता येते असे समजू लागतील आणि वडिलांना मुले कोणत्या वर्गात आहेत हे लक्षात ठेवावे लागेल.

याउलट आपली घरे बघावीत. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावचा दिवस वेगळा, त्यामुळे लेकी-जावयांना सगळीकडे जाता येते, आणि रात्री दंडार नाहीतर झाडीपट्टीचे नाटक असते. पूर्वी या दिवशी मामेभाऊ, आतेभाऊ, मावसबहिणी असा पोरांचा तांडा जमला, की घरात बसणे मुश्किल होई; भिंतीवर चढायचे, पेरू पाडायचे, बोडीत डुंबायचे. आता पाहुण्यांची चार पोरे सपरीत एकाच बाजेवर ओळीने बसतात. कानात यंत्रे, नजर खाली. कधी चौघे वेगवेगळ्या लढायांत असतात आणि कधी एकाच लढाईत एकाच बाजूने लढत असतात. तेव्हाही हाताच्या अंतरावरच्या भावाशी ते मायक्रोफोनमधूनच बोलतात. चहा आला, गेला. आज्याने विचारले, "कोन जितला रे?" कुणी मान वर केली नाही. आज्याने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. त्याच्याही हातात नातवाने जुना फोन देऊन ठेवला आहे. त्यावर ज्वारीच्या दाण्यांएवढ्या रंगीत गोळ्या फोडायचा खेळ आहे आणि तो त्यात 200 व्या पायरीच्या पुढे गेला आहे.

इतकी शांतता आपल्या घरांत याआधी फक्त सगळे झोपल्यावर असायची. ती आता दिवसाउजेडी मिळते, तिच्यासाठी कुणाला ओरडावे लागत नाही, आणि चार पिढ्या एका छपराखाली असूनही कुणाला कुणाचा त्रास नाही. एकत्र कुटुंबपद्धती टिकवण्याचा हा मार्ग आपल्या जिल्ह्याने कुठलाही गाजावाजा न करता शोधला, याबद्दल त्याचे अभिनंदन करणे भाग आहे.

येत्या मंडईला आमच्याकडे येणाऱ्या सर्व आप्तेष्टांना मात्र एक नम्र विनंती. प्रत्येकाने आपापला चार्जर आणि शक्य असल्यास एक एक्स्टेंशन बोर्ड सोबत आणावा. आमच्या सपरीत दोनच पिना आहेत.